वाचकांचे प्रश्न : दिल्लीतलं ते जाळीदार सभागृह

प्रश्न : आमचे बाबा दर्यापूर तालुक्यातले शेतकरी. भाऊसाहेबांच्या, म्हणजे पंजाबराव देशमुखांच्या सांगण्यावरून गावातली चारपाच मंडळी दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन पाहायला गेली होती, त्यांत बाबाही होते. दोन गोष्टी ते मरेपर्यंत सांगत राहिले. एक म्हणजे पाण्यात उभे असल्यासारखे सोनेरी घुमट, आणि दुसरं म्हणजे नुसत्या त्रिकोणांचा बांधलेला सिमेंटचा डोंगर. ‘आत एकबी खांब नाही, मंग पडत कसा नाही?’ हे त्यांचं वाक्य. गेल्या वर्षी मुलाला घेऊन मी मुद्दाम प्रगती मैदानावर गेलो. दोन्ही दिसलं नाही. दारावरचा माणूस म्हणाला, ते कधीच पाडलं. ते सभागृह शेतकऱ्यांच्या प्रदर्शनासाठी बांधलं होतं का? आणि पाडलं कशासाठी? घरात एकच फोटो आहे. त्यात बाबा आणि इतर तिघं घुमटांसमोर उभे आहेत, मागे शाईनं ‘दिल्ली, जाने. ६०’ असं लिहिलंय. आई म्हणते, बाबा दिल्लीला दोनदा गेले होते. मला एकच फेरी माहीत आहे.

– एक वाचक, अमरावती जिल्हा

उत्तर : तुमच्या आईंचं म्हणणं खरं असणार. बाबांनी पाहिलेल्या दोन गोष्टी एका वेळी कुणालाच पाहता आल्या नसत्या. घुमट १९५९-६० चे आणि तो त्रिकोणांचा डोंगर १९७२ चा. मधे बारा वर्षं गेलेली आहेत. एकाच मैदानावरच्या दोन फेऱ्या सांगताना एकात एक मिसळल्या असतील.

आधी घुमटांविषयी. ११ डिसेंबर १९५९ रोजी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शनाचं उद्घाटन झालं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद होते, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर होते. भारतात आलेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. प्रदर्शन भरवलं होतं भारत कृषक समाजानं. ही संस्था पंजाबरावांनी १९५५ मध्ये उभी केली होती. या गोष्टीकडे मी वाचकांचं लक्ष मुद्दाम वेधतो, कारण दिल्लीच्या इतिहासात हे प्रदर्शन ‘आयझेनहॉवर आले होते ते’ एवढ्यावरच संपवलं जातं. पापळसारख्या लहान गावात जन्मलेला, ऑक्सफर्डहून वेदवाङ्मयावर डॉक्टरेट घेऊन आलेला, केंद्रात कृषी खात्यात १९५२ ते १९६२ मंत्री राहिलेला माणूस शेतकऱ्यांची संघटना काढतो आणि तिच्या नावानं जगातल्या देशांना दिल्लीत बोलावतो, ही साधी गोष्ट नाही. भाऊसाहेबांना शेतकरी प्रेक्षक म्हणून नको होता, यजमान म्हणून हवा होता, असं मला त्या सगळ्या खटाटोपातून वाटत आलं आहे. तुमचे बाबा दर्यापुराहून गेले ते त्याच अर्थानं गेले.

सोनेरी घुमट अमेरिकेच्या मंडपाचे. त्याचा आराखडा मिनोरू यामासाकी यांचा. पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे ज्यांनी आखले तेच हे वास्तुविशारद. समोर उथळ पाणी होतं, म्हणून घुमट पाण्यात उभे असल्यासारखे वाटायचे. बाबांचं वर्णन अगदी बरोबर आहे. अन्न, कुटुंब, मैत्री, स्वातंत्र्य अशा चार शब्दांभोवती अमेरिकेनं आपला मंडप मांडला होता. हे नुसतं सौजन्य नव्हतं. धान्याला आपण तेव्हा परक्याच्या तोंडाकडे पाहत होतो. पुढच्याच मे महिन्यात आपले अन्नमंत्री स. का. पाटील वॉशिंग्टनला गेले आणि चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य, त्यात बहुतेक गहू, आणण्याचा करार करून आले. ज्या देशाचे घुमट बाबांनी पाहिले त्याच देशाचा गहू पुढे आपल्या रेशनच्या दुकानात आला.

हे मंडप कायमचे नव्हतेच. प्रदर्शनाची वास्तुकला त्या काळी तशीच असायची: मोसमापुरती उभी करायची, मोसम संपला की उतरवायची. त्याच मैदानावर १९५८ च्या प्रदर्शनात चार्ल्स कोरिया यांनी हातमागाचा मंडप केला होता, त्याचं छतसुद्धा हातमागाच्या कापडाचं. १९६१ मध्ये त्यांनीच उद्योग प्रदर्शनासाठी आणखी एक केला. सगळं गेलं, आणि ते जाणार हे ठरलेलंच होतं. त्यामुळे घुमट ‘पाडले’ म्हणून कुणावर रागावता येणार नाही.

डोंगराचं तसं नाही. तो टिकण्यासाठी बांधला होता.

१९७२ मध्ये स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. त्या निमित्तानं दिल्लीत ‘एशिया ७२’ नावाचा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा ३ नोव्हेंबरला सुरू झाला. त्यासाठी स्पर्धा घेऊन कायमची सभागृहं बांधायचं ठरलं. राज रेवाल यांचा आराखडा निवडला गेला, आणि तो उभा कसा राहील हे ठरवलं महेंद्र राज यांनी. मोठं ते हॉल ऑफ नेशन्स. त्याच्या शेजारी हॉल ऑफ इंडस्ट्रीज, चार लहान सभागृहं उतरत्या वाटांनी एकमेकांना जोडलेली. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की ते शेतकऱ्यांच्या प्रदर्शनासाठी बांधलेलं नव्हतं, व्यापारासाठी होतं. पण शेतीची प्रदर्शनं त्या मैदानावर पुढेही भरत राहिली. १९७७ मध्ये तिथं ‘ॲग्री एक्स्पो’ नावाचं मोठं आंतरराष्ट्रीय कृषी प्रदर्शन झालं. बाबांची दुसरी फेरी बहुधा तीच. आईंना विचारा, तुम्ही तेव्हा कितवीत होतात; त्यावरून वर्ष पक्कं होईल.

आता ‘पडत कसा नाही’ याविषयी. मी बांधकामाच्या हिशेबात आयुष्य घालवलेला माणूस आहे, त्यामुळे या प्रश्नाशी जरा थांबतो. चार काठ्यांचा चौकोन करून त्याच्या कोपऱ्यांना खिळे ठोका आणि बाजूनं ढकला. तो तिरपा होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण करा, काठी मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. सारं रहस्य एवढंच आहे. असे त्रिकोण लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना जोडत नेले की एक जाड पोकळ जाळी तयार होते. वरचा भार एका दांड्यावर न बसता शेकडो दांड्यांत वाटला जातो; काही दांडे दाबले जातात, काही ताणले जातात. मग मधे खांबाची गरजच उरत नाही. हॉल ऑफ नेशन्समध्ये सत्तर मीटरहून अधिक अंतर एकाही मधल्या खांबाशिवाय झाकलेलं होतं.

अशी जाळी जगभर पोलादी नळ्यांची करतात. नळ्या कारखान्यात कापायच्या, ठरावीक गोळ्यांत बोल्टनं आवळायच्या, काम झालं. आपल्याकडे तेव्हा पोलाद दुर्मिळ, तसल्या गाठी बनवणारे कारखाने नाहीत, पैसा बेताचा आणि मुदत त्याहून बेताची. मुबलक काय होतं, तर माणसं. म्हणून रेवाल आणि राज यांनी तीच जाळी सिमेंट काँक्रीटची केली, आणि तीही जागेवर ओतून. यात काय आव्हान आहे ते ज्यानं कधी तिरक्या बीमचं शटरिंग लावलंय त्याला विचारा. प्रत्येक दांडा तिरका. जिथं अनेक दांडे एकत्र येतात तिथं सगळ्यांच्या सळया एकाच गाठीत शिरतात. सळयांच्या त्या गर्दीत काँक्रीट पोचवायचं, पोकळी राहू द्यायची नाही, आणि साचा काढल्यावर कडा सरळ दिसली पाहिजे, कारण वर गिलावा नाही. हे सगळं परांचीवर चढून, डोक्यावर घमेली वाहून झालं. त्यांत बायका होत्या. त्याच वर्षी आपल्याकडे महाराष्ट्रात दुष्काळ होता आणि लाखो माणसं खडी फोडायला बसली होती. एकाच काळात या देशातल्या हातांनी काय काय केलं, हे त्या दोन चित्रांकडे एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी त्या सभागृहात उभा राहिलो आहे, नोकरीत असताना, व्यापार मेळ्याच्या दिवसांत. आत शिरलं की पहिल्यांदा ऊन दिसायचं. जाळीच्या पोकळीतून ते गाळून यायचं आणि तापत नसायचं. दांड्यांची खोलीच सावली धरायची. जुन्या हवेल्यांमधल्या दगडी जाळीचं काम इथं इमारतीचा सांगाडाच करत होता. माझ्या मते आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर बांधलेल्या पाचदहा उत्तम वास्तूंत तिची गणना व्हायला हवी. एवढ्या पल्ल्याची काँक्रीटची जाळी जगात तोवर कुणी केली नव्हती, असं जाणकार मानतात.

ती २३ एप्रिल २०१७ च्या रात्री पाडायला घेतली. सकाळी दिल्लीकरांनी पाहिलं तेव्हा ढिगारा होता. हॉल ऑफ इंडस्ट्रीज आणि रेवाल यांचंच नेहरू पॅव्हिलियनही त्याच मोहिमेत गेलं. मैदान सांभाळणाऱ्या आयटीपीओ या सरकारी कंपनीला तिथं मोठं परिषद केंद्र हवं होतं. वाचवण्याचा प्रयत्न झाला. देशातल्या आणि परदेशातल्या संग्रहालयांनी, वास्तुविशारदांनी विनवण्या केल्या, प्रकरण उच्च न्यायालयातही गेलं. अडलं ते वयावर. दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीनं साठ वर्षांहून जुन्या इमारतींचाच वारसा म्हणून विचार करायचा अशी भूमिका घेतली. हॉल ऑफ नेशन्स पंचेचाळीस वर्षांचं होतं.

या साठ वर्षांच्या अटीनं काय होतं ते हिशेब करून पाहा. १९४७ नंतर या देशानं स्वतःच्या बुद्धीनं आणि हातांनी जे जे बांधलं, त्यातलं फारच थोडं २०१७ मध्ये या अटीत बसत होतं. धरणांभोवतीच्या वसाहती, विद्यापीठं, सहकारी कारखान्यांची पहिली कार्यालयं, प्रदर्शनाची सभागृहं, सगळं कोवळं ठरलं. म्हणजे इंग्रजांचं पोस्ट ऑफिस वारसा आणि आपली पहिली झेप मात्र केवळ जुनं बांधकाम. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि मी ते प्रत्येक व्यासपीठावर बोललो आहे.

आज तिथं भारत मंडपम् आहे. २६ जुलै २०२३ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि सप्टेंबरमध्ये जी-२० परिषद तिथंच भरली. मोठ्या परिषदांना जागा हवी होती, हे मी नाकारत नाही. मात्र एवढ्या मोठ्या आवारात जुन्या सभागृहाला धरून नवा आराखडा करणं अशक्य होतं, हे मला बांधकामातला माणूस म्हणून पटत नाही.

फोटोविषयी थोडं. तो चौकटीतून काढून दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मागची शाईची ओळ समोरच्या चेहऱ्यांइतकीच महत्त्वाची आहे. चौघांची नावं, गावं आणि कोण कुठं उभं आहे ते आईंकडून आत्ताच लिहून घ्या. बाबांची दुसरी फेरी पक्की झाली तर तीही वेगळ्या कागदावर लिहा. एक प्रत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावी असं मी सुचवीन. भाऊसाहेबांचं नाव लागलेली ती संस्था आहे, आणि त्या प्रदर्शनाला गेलेल्या शेतकऱ्यांचे चेहरे तिथं असायला हवेत.

प्रश्न : परदेशात शेतीच्या प्रदर्शनांची जुनी सभागृहं जपतात म्हणे. हे खरं आहे का, की आपण उगाच स्वतःला कमी लेखतो?

– एक वाचक, सांगली

उत्तर : जपतातही आणि पाडतातही. लंडनच्या इझ्लिंग्टन भागात १८६२ मध्ये ॲग्रिकल्चरल हॉल उघडला. स्मिथफील्ड क्लब नावाची पशुपालकांची जुनी संस्था दर डिसेंबरात जनावरांचं प्रदर्शन भरवायची, तिला छप्पर हवं होतं. लोखंड आणि काचेचं कमानदार छत, रुंदी १२५ फूट, म्हणजे सुमारे ३८ मीटर. पुढे प्रदर्शनं दुसरीकडे गेली, इमारत अनेक वर्षं हलाखीत राहिली, पण पाडली गेली नाही. १९८६ पासून ती व्यापारी केंद्र म्हणून वापरात आहे. बैल गेले, छत राहिलं.

आता याच स्मिथफील्ड प्रदर्शनाची पुढची जागा पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अर्ल्स कोर्टला भरू लागलं. ते सभागृह १९३७ चं, म्हणजे इझ्लिंग्टनच्या मानानं कितीतरी नवं. २०१४ च्या अखेरीस ते बंद केलं आणि मग पाडलं. बर्मिंगहॅमला १८५० मध्ये बांधलेला बिंग्ली हॉल होता, गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध. रेल्वे स्टेशनाच्या कामातून उरलेले खांब आणून तो उभा केला होता. १९८४ मध्ये त्याला आग लागली, मग तो पाडला, आणि त्या जागी आंतरराष्ट्रीय परिषद केंद्र आलं. दिल्लीसारखंच.

फरक आहे तो नियमात. इंग्लंडमध्ये साधारण तीस वर्षं झालेली इमारत संरक्षित यादीत येऊ शकते, आणि धोका दिसला तर त्याहून लहान वयाचीसुद्धा. त्यामुळे निदान चर्चा पाडण्याच्या आधी होते. ही एक तरतूद आपण घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी नाशिकला वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉल ऑफ नेशन्सचा अभ्यास आम्हाला आहे. मला कळत नाही की ज्यानं इमारत आखली त्याला ती पाडण्यापासून थांबवता कसं येत नाही? चित्रकाराचं चित्र असं फाडता येईल का?

– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचा प्रश्न न्यायालयानं अगदी याच इमारतीच्या निमित्तानं हाताळला आहे. सभागृह पाडल्यावर राज रेवाल दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ते पुन्हा बांधून द्यावं अशी त्यांची मागणी होती. आधार कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा. या कलमानुसार निर्मात्यानं हक्क विकले तरी त्याच्या कृतीची मोडतोड करून कुणी त्याच्या लौकिकाला बाधा आणत असेल, तर तो आक्षेप घेऊ शकतो.

२८ मे २०१९ रोजी निकाल रेवाल यांच्या विरोधात गेला. थोडक्यात विचार असा: इमारतीत वेडेवाकडे बदल करून ती रेवाल यांची म्हणून उभी ठेवली तर त्यांच्या नावाला बट्टा लागेल, पण ती पूर्ण नाहीशी केली तर पाहायलाच काही उरत नाही, मग लौकिकाला धक्का कसला? शिवाय जमीन आणि इमारत ज्याची, त्याच्या मालकी हक्कापुढे आराखडा करणाऱ्याचा हक्क टिकत नाही.

चित्राविषयी विचारलंत, तर २००५ चा निकाल याच न्यायालयाचा आहे आणि उलटा आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं काशाचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं होतं. न्यायालयानं उरलेले तुकडे सहगल यांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाईही दिली. कृती नष्ट करणं ही तिची सर्वांत टोकाची मोडतोड आहे, असं त्या निकालात म्हटलं होतं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. मला २००५ चा विचार अधिक खोल वाटतो, तरी इमारतीबाबत मालकाचा हात कायमचा बांधून ठेवता येणार नाही हेही समजतं. म्हणून निर्मात्याच्या खासगी हक्कावर विसंबून सार्वजनिक इमारती वाचणार नाहीत. त्या वाचतील त्या सार्वजनिक यादीत आल्या तरच, आणि यादीत येण्यासाठी त्यांची नोंद हवी.

नोंदीचं काम तुम्ही करू शकता. हॉल ऑफ नेशन्सचे नकाशे, छायाचित्रं, प्रतिकृती आहेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं २०२२ मध्ये दक्षिण आशियातल्या वास्तुकलेवर जे प्रदर्शन केलं त्यात ते सभागृह होतं. आपल्या जिल्ह्यातल्या बाजार समित्यांच्या लिलावाच्या शेडचं काय? जनावरांच्या बाजारातल्या ओट्यांचं, जुन्या कृषी प्रदर्शनांच्या मैदानावरच्या पक्क्या मंडपाचं? त्यातल्या एखाद्या समितीच्या सचिवांना भेटून लेखी परवानगी घ्या. दोघीतिघी मैत्रिणी आणि एक टेप पुरेल. खांबांमधलं अंतर, छताच्या कैच्यांचा प्रकार, पत्रा की कौल, बांधल्याचं वर्ष, ठरावाची प्रत मिळाली तर ती, आणि कुणी जुना हमाल किंवा मिस्त्री सापडला तर त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत. प्लॅन, सेक्शन आणि एक तरी सांध्याचं मोठं चित्र काढा. लिलावाच्या वेळी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. सुट्टीच्या दिवशी सकाळी जा. काढलेल्या नकाशांची एक प्रत समितीच्या कार्यालयातही द्या.